शेजारचा बंगला, शनिवारची रात्र : ‘पार्टी हाऊस’ना शहरे आवर कसा घालतात

नवी दिल्ली : शेजारच्या बंगल्यात रात्री अकराच्या सुमारास गाणी वाजू लागतात. तक्रार जाते, पोलिसांची गाडी येते, आवाज खाली येतो. गाडी वळणाआड गेली की तो पुन्हा चढतो. पुढच्या शनिवारी तोच बंगला, तोच आवाज. माणसे मात्र निराळी. मागच्या आठवड्यात इथे पोलीस येऊन गेले होते, याची त्यांना कल्पनाही नसते, कारण त्यांनी तो बंगला एका रात्रीपुरता भाड्याने घेतलेला असतो. लोणावळा, अलिबाग किंवा गोव्यातील आसगाव येथे बारमाही राहणाऱ्या कुटुंबांना हे चित्र ओळखीचे वाटेल. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या टेकड्यांवर राहणाऱ्यांनाही ते तितकेच परिचित आहे. तेथील नगरप्रशासनाच्या भाषेत अशा वास्तूला ‘पार्टी हाऊस’ असे नाव पडले असून, तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला आहे.

स्वतंत्र कायद्याची गरज का भासावी, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. गोंगाटाविरुद्धचे नियम जवळपास प्रत्येक शहरात असतात. सार्वजनिक उपद्रवाचे कलमही जुनेच आहे. अडचण कायद्याच्या अभावाची नसून, कायदा ज्याला पकडतो त्याच्या निवडीची आहे. पोलीस ज्याला दंड करतात तो पाहुणा सकाळी निघून जातो. भाडे घेणारा मालक त्या रात्री तेथे नसतोच. वास्तू मात्र जागच्या जागी उभी असते आणि तिचे पुढील शनिवारचे आरक्षण आधीच झालेले असते.

टेकडीवरची घरे

हॉलीवूड हिल्स हा लॉस एंजेलिसमधील डोंगरउताराचा निवासी भाग. रस्ते अरुंद आणि नागमोडी, घरे एकमेकांच्या डोक्यावर बांधल्यासारखी, आणि दरीमुळे आवाज थेट समोरच्या उतारावर जाऊन आदळणारा. पोहण्याचे तलाव, विस्तीर्ण सज्जे आणि खाली पसरलेल्या शहराचे दिवे यांमुळे या घरांना भाड्याच्या बाजारात मोठी मागणी असते. समाजमाध्यमांचा काळ आल्यावर तिला नवे कारण मिळाले. काही तरुण ‘प्रभावक’ एकत्र येऊन मोठा बंगला महिनोन्महिने भाड्याने घेऊ लागले आणि तेथील मेजवान्या हाच त्यांच्या चित्रफितींचा मालमसाला ठरला.

रहिवाशांचा आक्षेप केवळ झोपमोडीपुरता नव्हता. हा सारा परिसर वणव्याच्या दृष्टीने अतिधोकादायक मानला जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या, तर अग्निशमन दलाचा बंब वर पोहोचू शकत नाही. रुग्णवाहिकेचीही तीच गत. सुक्या गवतावर पडलेली जळती सिगारेट ही तेथे शिष्टाचाराची बाब उरत नाही.

या भागाचे तत्कालीन नगरसेवक डेव्हिड र्यू यांच्या पुढाकाराने २०१८ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने ‘पार्टी हाऊस’ अध्यादेश संमत केला. पार्टी करण्यावर त्यात बंदी नाही. निवासी भागातील खासगी घरात जमलेली गर्दी जेव्हा मोठा गोंगाट, रस्ता अडवणे, सार्वजनिक जागी मद्यधुंद वर्तन अशा प्रकारांमुळे शेजाऱ्यांना उपद्रव देऊ लागते, तेव्हा तो अध्यादेश लागू होतो. लग्नाचा वाढदिवस, पदवीदानाचा आनंदसोहळा किंवा घरगुती भोजन यांना त्याची झळ पोहोचू नये, असा हेतू त्यामागे होता.

दंड घराच्या खात्यावर

अध्यादेशाचा खरा गाभा दंडाच्या रचनेत आहे. पहिल्या उल्लंघनाला १०० डॉलर, दुसऱ्याला ५००, तिसऱ्याला १,०००, चौथ्याला २,०००, पाचव्याला ४,००० आणि त्यापुढे प्रत्येक वेळी ८,००० डॉलर असा तो चढत जातो. शेवटची रक्कम भारतीय चलनात सात लाख रुपयांच्या आसपास भरते. यात पाहुणा किंवा यजमान एवढाच जबाबदार धरला जात नाही. घराचा मालकही जबाबदार ठरतो. मालकाने ‘मी तेव्हा गावात नव्हतो’ असे सांगून सुटण्याची वाट त्यामुळे बंद होते. शिवाय उल्लंघनाची नोटीस ३० दिवस घराच्या दर्शनी भागी लावण्याची सक्ती मालकावर होऊ शकते. भाड्याने घर पाहायला येणाऱ्याच्या नजरेला ती पडावी आणि शेजाऱ्यांनाही आपल्या तक्रारीचे काय झाले हे कळावे, असा दुहेरी उपयोग त्या कागदाचा होतो.

मोजणी माणसाची न करता घराची करायची, हे या रचनेचे तत्त्व आहे. दर आठवड्याला पाहुणे बदलले तरी आकडा पुढे सरकतच राहतो.

तथापि, या रचनेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. एका रात्रीचे भाडे हजारो डॉलरमध्ये घेणाऱ्या मालकाला १०० किंवा ५०० डॉलरचा दंड हा व्यवसायाचा किरकोळ खर्च वाटू शकतो. तो सहजपणे पाहुण्याच्या बिलातही जोडता येतो. दंडाची धार चौथ्या-पाचव्या वेळी जाणवू लागते आणि तोवर शेजाऱ्यांच्या चार-पाच रात्री गेलेल्या असतात. दुसरी अडचण अधिक व्यवहारी आहे. उल्लंघन नोंदवायचे तर पार्टी चालू असताना पोलीस तेथे असावे लागतात, आणि शनिवारी मध्यरात्री मोठ्या शहरातील पोलिसांपुढे गोंगाटाहून तातडीची कामे पुष्कळ असतात.

वीज तोडण्याचा मार्ग

कोरोना साथीच्या काळात, २०२० च्या उन्हाळ्यात, हा प्रश्न एकाएकी सार्वजनिक आरोग्याचा बनला. मद्यालये बंद होती. त्यामुळे गर्दी बंगल्यांकडे वळली. ३ ऑगस्ट २०२० रोजी मलहॉलंड ड्राइव्ह या प्रसिद्ध डोंगररस्त्यालगतच्या एका भाड्याच्या प्रासादात सुमारे २०० जण जमले होते. संध्याकाळीच तक्रार गेली होती आणि पोलीस येऊनही गेले होते. मध्यरात्रीनंतर तेथे गोळीबार झाला आणि त्यात ३५ वर्षांच्या एका महिलेचा मृत्यू झाला.

त्यानंतर दोनच दिवसांनी महापौर एरिक गार्सेटी यांनी एक अपूर्व उपाय जाहीर केला. बंदी झुगारून वारंवार मोठ्या पार्ट्या भरवणाऱ्या घरांची वीज आणि पाणी तोडण्यात येईल, असे त्यांनी सांगितले. पद्धत अशी ठरली : पोलिसांनी जागेवर जाऊन खातरजमा करायची, पुन्हा तोच प्रकार घडला तर घराला नोटीस द्यायची आणि ४८ तासांत पुरवठा बंद करण्याची विनंती वीज व पाणी विभागाला करायची. याच महिन्यात हॉलीवूड हिल्समधील एका घराची वीज प्रत्यक्षात तोडण्यात आली. ऑगस्टच्या अखेरीस शहराच्या सरकारी वकिलांनी टिकटॉकवरील दोन लोकप्रिय तरुणांवर साथनियम आणि पार्टी हाऊस अध्यादेश या दोहोंच्या भंगाचे आरोप ठेवले. त्यासाठी कमाल शिक्षा एक वर्षाचा कारावास आणि २,००० डॉलर दंड अशी होती.

हा उपाय शक्य झाला त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लॉस एंजेलिसचा वीज व पाणी विभाग ही शहराच्याच मालकीची संस्था आहे. महापौराला ती खासगी कंपनीच्या दारात जाऊन मागावी लागली नाही. भारतात असा मार्ग जवळपास नाहीच. मुंबईच्या काही भागाला वीज देणारा ‘बेस्ट’ उपक्रम महापालिकेचा असला, तरी विद्युत अधिनियम, २००३ मधील पुरवठा तोडण्याची मुख्य तरतूद थकीत बिलाशी निगडित आहे, गोंगाटाशी नाही. आणि साथ ओसरल्यावर, केवळ आवाजासाठी घराचे पाणी तोडणे न्यायालयात टिकेल काय, हा प्रश्न अमेरिकेतही गंभीरच ठरला असता.

ऑरिंडाची रात्र आणि मध्यस्थांची जबाबदारी

पार्टी हाऊसचा प्रश्न नगरसेवकांच्या दालनातून थेट जागतिक कंपन्यांच्या संचालकांपुढे गेला तो ३१ ऑक्टोबर २०१९ च्या रात्रीमुळे. कॅलिफोर्नियातील ऑरिंडा या छोट्या गावात एअरबीएनबी या संकेतस्थळावरून घेतलेल्या चार शयनगृहांच्या घरात हॅलोवीनची पार्टी भरली. समाजमाध्यमांवर निमंत्रण पसरले आणि शंभराहून अधिक लोक जमले. घर घेणाऱ्या व्यक्तीने मालकाला सांगितलेले कारण वेगळेच होते : वणव्याच्या धुराचा कुटुंबातील दम्याच्या रुग्णांना त्रास होत असल्याने काही काळ दुसरीकडे राहायचे आहे, असे. त्या रात्रीच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले.

दोन दिवसांत कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी ‘पार्टी हाऊस’वर बंदीची घोषणा केली. ऑगस्ट २०२० मध्ये कंपनीने जगभरातील आपल्या घरांमध्ये पार्ट्यांना मज्जाव केला आणि एका आरक्षणात १६ व्यक्तींची मर्यादा घातली. जून २०२२ मध्ये पार्टीबंदी कायमस्वरूपी धोरणात समाविष्ट झाली. मधल्या काळातही दुर्घटना थांबल्या नव्हत्या. एप्रिल २०२२ मध्ये पिट्सबर्ग येथे अशाच भाड्याच्या घरातील पार्टीत गोळीबार होऊन १७ वर्षांच्या दोन मुलांचा मृत्यू झाला. उपस्थितांपैकी बरेच जण अल्पवयीन होते.

कंपनीने त्यानंतर आरक्षणाच्या टप्प्यावरच संशयास्पद मागणी ओळखणारी यंत्रणा अमेरिका व कॅनडात आणली. मागणी करणारा संकेतस्थळावर किती जुना आहे, त्याच्याविषयी आधीच्या मालकांचे मत काय, घर त्याच्या गावापासून किती दूर आहे, मुक्काम किती दिवसांचा आहे आणि तो आठवडाअखेरीस आहे काय, असे प्रश्न ही यंत्रणा स्वतःला विचारते. आपल्याच गावात, शनिवारच्या एकाच रात्रीसाठी, अख्खे मोठे घर मागणारा नवा ग्राहक तिला खटकतो. ही चाळणी उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु ती एका संकेतस्थळापुरती आहे. ओळखीच्या दलालाकडून, संदेशांच्या गटातून किंवा वर्षभराच्या करारावर घेतलेले घर तिच्या जाळ्यात येत नाही.

शहरांनी दुसऱ्या बाजूनेही हात घातला. लॉस एंजेलिसमध्ये २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अल्पमुदतीच्या भाड्याने फक्त स्वतःचे मुख्य निवासस्थान देता येते, त्यासाठी शहराकडे नोंदणी करावी लागते आणि सर्वसाधारण मर्यादा वर्षाला १२० दिवसांची आहे. मालक स्वतः जेथे राहतो, त्या घराच्या भिंती आणि शेजार तो सहसा पणाला लावत नाही, असा या नियमामागचा साधा हिशेब आहे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून याहून कडक नोंदणी सुरू केली. बार्सिलोनाने तर नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने संपुष्टात आणण्याचे जाहीर केले आहे. तेथे मात्र मुख्य कारण घरभाड्यांच्या वाढीचे आहे. गोंगाट हे जोडकारण.

मोजणी उलटते तेव्हा

घराच्या नावावर तक्रारी मोजण्याची पद्धत निर्दोष मात्र नाही. तिची दुसरी बाजू पेनसिल्व्हेनिया राज्यातील नॉरिस्टाउन या छोट्या नगराने दाखवून दिली. तेथील नियमानुसार एखाद्या भाड्याच्या घरात ‘बेशिस्त वर्तना’साठी ठरावीक वेळा पोलीस यावे लागले, तर भाडेकरूला बाहेर काढण्याची वेळ घरमालकावर येत असे. या व्याख्येत कौटुंबिक मारहाणीच्या तक्रारीही बसत. पूर्वीच्या जोडीदाराकडून मारहाण सोसणाऱ्या एका महिलेला अशीच ताकीद मिळाली होती. जून २०१२ मध्ये त्याने तिच्यावर गंभीर हल्ला केला, तेव्हा घर जाईल या भीतीने तिने पोलिसांना बोलावण्याचे टाळले. शेजाऱ्यांच्या बोलावण्यावरून मदत आली. नंतर तिलाच घराबाहेर काढण्याचा प्रयत्न झाला. नागरी हक्क संघटनेच्या मदतीने तिने दावा दाखल केला. २०१४ मध्ये नगराने तडजोड केली आणि तो नियम मागे घेतला. आपल्या घरातून पोलिसांची मदत मागणाऱ्याला त्यासाठी शिक्षा होऊ नये, अशी तरतूद २०२२ मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्यातही आली.

गर्दी, गोंगाट आणि रस्ताबंदी मोजणारा नियम आणि ‘पोलीस किती वेळा आले’ एवढेच मोजणारा नियम यांत मोठे अंतर आहे. पहिला उपद्रव मोजतो, दुसरा हाक मारणाऱ्याला मोजतो. भारतात कोणत्याही नगरपालिकेने या धर्तीवर नियम करायचे ठरवले, तर मसुद्याच्या पहिल्या पानावर हा भेद लिहावा लागेल.

भारतातील चौकट

भारतीय कायद्याची कथा एका मुलीच्या मृत्यूपासून सुरू होते. जानेवारी १९९८ मध्ये १३ वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली. परिसरात ध्वनिक्षेपकावर संगीत इतक्या मोठ्याने वाजत होते की, तिचा आक्रोश कोणालाही ऐकू गेला नाही. त्याच दिवशी संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतले. ही बातमी वाचून एका अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्यावर १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी आणि न्या. अशोक भान यांच्या खंडपीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात शांततेने जगण्याचा हक्क येतो. स्वतःच्या आवारातही, आवाराबाहेर जाऊन शेजाऱ्यांना त्रास देईल असा आवाज करण्याचा हक्क कोणालाही नाही. आणि भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली दुसऱ्याला ऐकण्याची सक्ती करता येत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. खासगी बंगल्यातील पार्टीला ‘आमच्या घरात आम्ही काहीही करू’ असे म्हणता येत नाही, ते या निकालामुळे.

या निकालाआधीच केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू केले होते. निवासी क्षेत्रासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. व्यापारी क्षेत्रासाठी ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. माणसांचे साधे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले की ४५ चा आकडा किती शांततेची अपेक्षा करतो ते ध्यानी येते.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक वा वाद्य वाजवण्यास मनाई आहे. अपवाद बंदिस्त जागेचा : सभागृह, परिषद कक्ष, सामुदायिक सभागृह, मेजवानी दालन यांसारख्या जागी, आतल्या आत संवादासाठी. या अपवादाचा सोयीस्कर अर्थ लावण्याकडे बंगलेमालकांचा कल असतो. तलावाकाठची हिरवळ किंवा उघडा सज्जा म्हणजे बंदिस्त जागा नव्हे. सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी राज्य सरकारला वर्षातून १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ती खासगी वाढदिवसाला आपोआप मिळत नाही.

खासगी जागेबाबत आणखी एक तरतूद आहे आणि ती फारशी परिचित नाही. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. याउलट नागरिकाने तक्रार कधी करावी हे सांगणाऱ्या नियमात १० डेसिबलच्या वाढीचा उल्लेख आहे. म्हणजे दिवसा ६२ डेसिबलचा आवाज नियमभंग करणारा आहे, पण तक्रारीच्या निकषाला पुरा पडत नाही, अशी विचित्र फट राहते. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला असेल, तर मात्र ही अट लागू नाही. तेव्हा किती डेसिबल, हे सिद्ध करण्याची वेळ तक्रारदारावर येत नाही. रात्रीच्या पार्टीविरुद्ध तक्रार करणाऱ्याने हा मुद्दा लेखी अर्जात अवश्य नोंदवावा.

डेसिबलच्या मापनातही एक गोम आहे. ही मोजपट्टी सरळ रेषेत चढत नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहा पटींनी वाढणे आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटणे. शिवाय नियमांतील मापन ‘ए’ श्रेणीवर केले जाते. ही श्रेणी खर्जातील स्वरांना कमी लेखते. आजच्या डीजे यंत्रणेचा जोर नेमका खर्जावर असतो. खिडक्यांची तावदाने थरथरत असताना मापकावरचा आकडा त्या मानाने माफक दिसतो, याचे एक कारण हेच. त्यात मर्यादा ठरावीक कालावधीच्या सरासरीवर बेतलेली असल्याने पोलीस दारात येताच आवाज कमी केला की सरासरीही खाली येते.

शिक्षा किती, वचक किती

कागदावर शिक्षा लहान नाही. पर्यावरण अधिनियमात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होता. जनविश्वास कायदा, २०२३ ने त्यात बदल केला. कारावासाच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आणि तो न्यायालयाऐवजी प्राधिकृत अधिकारी ठरवतो. दिल्लीत ध्वनिक्षेपकाच्या नियमभंगासाठी १० हजार रुपये दंड आणि यंत्रणा जप्ती असे दर २०२१ मध्ये ठरवण्यात आले. महाराष्ट्रात पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ३८ अन्वये परिसरातील रहिवाशांना त्रास देणारे संगीत वा गोंगाट बंद करण्याचा आदेश पोलीस देऊ शकतात.

प्रत्यक्षात मात्र रात्रीच्या गस्तीवरील हवालदाराला जवळचे वाटते ते सार्वजनिक उपद्रवाचे कलम. जुन्या भारतीय दंड संहितेत त्यासाठी २०० रुपये दंड होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ ने तो १,००० रुपये केला. एका रात्रीचे भाडे ज्या बंगल्याला पन्नास हजार मिळते, त्याच्या दृष्टीने ही रक्कम बर्फाच्या खर्चाइतकीही नाही. शिवाय ती बहुधा पाहुण्याच्या माथी जाते. लॉस एंजेलिसची चढती शिडी भारतीय चौकटीत नाही, आणि मागच्या शनिवारची नोंद पुढच्या शनिवारच्या कारवाईला आपोआप जोडलीही जात नाही.

ही जोडणी करण्याचा मार्ग उपलब्ध आहे, पण त्याचा वापर विरळा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३३) जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा अधिकारप्राप्त कार्यकारी दंडाधिकारी एखाद्या व्यवसायामुळे परिसराच्या आरोग्याला वा सुखस्वास्थ्याला बाध येत असल्यास तो बंद करण्याचा किंवा नियंत्रित करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतो. आदेश व्यवसाय चालवणाऱ्यावर निघतो, एका रात्रीच्या पाहुण्यावर नव्हे. त्यासाठी त्रास एका घराला नसून परिसराला आहे, हे दाखवावे लागते. त्यामुळे चार-सहा कुटुंबांच्या सह्यांचा अर्ज एकट्याच्या अर्जाहून भारी ठरतो. आदेश मोडल्यास पुढील कारवाई अधिक कडक होते : मनाई असूनही उपद्रव चालू ठेवणाऱ्याला कलम २९३ अन्वये सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

पार्टीत अमली पदार्थ आढळले तर चित्र पालटते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (१९८५) कलम २५ नुसार आपली जागा जाणूनबुजून अशा गुन्ह्यासाठी वापरू देणारा मालकही मूळ गुन्ह्याइतक्याच शिक्षेस पात्र ठरतो. मालकाला जबाबदार धरण्याचे तत्त्व आपल्या कायद्याला परके नाही, एवढे यावरून दिसते. गोंगाटाच्या बाबतीत ते पोहोचलेले नाही.

तक्रारदाराचे नाव

कायद्याच्या कलमांपेक्षाही शेजाऱ्याला अधिक अडवते ती भीती. पोलीस बंगल्यावर जाऊन ‘अमुक घरातून तक्रार आली आहे’ असे सांगून येतात, आणि पुढचा आठवडा त्या घराला जड जातो. लहान गावात तर बंगल्याचा मालक, त्याची देखभाल करणारा आणि कधी गावातला पुढारीही एकाच गोतावळ्यातले असतात. मुंबई उच्च न्यायालयाने याची दखल घेतली आहे. कुर्ल्यातील दोन रहिवासी संघटनांच्या याचिकेवर २३ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या निकालात, तक्रारदाराची ओळख न विचारता व ती उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असे न्यायालयाने सांगितले. ते प्रकरण धार्मिक स्थळांवरील ध्वनिक्षेपकांचे होते. आधी ताकीद, मग दंड, त्यानंतर यंत्रणा जप्ती अशी चढती कारवाई त्यात सुचवण्यात आली. ध्वनिप्रदूषणाचे नियम सर्वांना सारखेच असल्याने बंगल्यातील पार्टीबाबतही या क्रमाचा आग्रह धरण्यास हरकत नसावी.

व्यवहारात उपयोगी पडते ती नोंद. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर केलेल्या दूरध्वनीची वेळ, पोलीस आल्याची व गेल्याची वेळ, आवाज पुन्हा सुरू झाल्याची वेळ, आपल्या खिडकीतून घेतलेली चित्रफीत आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात दिलेल्या लेखी अर्जाची पोचपावती. ध्वनिप्रदूषण नियमांखालील ‘प्राधिकारी’ म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जाहून कमी नसलेला नियुक्त अधिकारी. अर्जाची प्रत त्यांच्याकडे गेली पाहिजे. भ्रमणध्वनीतील डेसिबल मापकाचा आकडा पुरावा म्हणून फारसा टिकत नाही, पण कोणत्या तारखांना त्रास झाला हे दाखवायला तो चालतो. घर गृहनिर्माण संस्थेत असेल तर संस्थेच्या उपविधींनुसार समितीने मालकाला नोटीस देणे हा पहिला आणि बहुधा सर्वांत जलद मार्ग असतो.

गोव्यात या साऱ्याला पर्यटनाची जोड आहे. अंजुणा आणि वागातोर भागातील रात्रीच्या संगीताविरुद्ध रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. तेथील चर्चा मुख्यतः किनाऱ्यालगतच्या उपाहारगृहांभोवती आणि क्लबांभोवती फिरते. आतल्या वाड्यांवरील भाड्याच्या व्हिला तुलनेने सुटून जातात. वास्तविक गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी अधिनियम, १९८२ नुसार पर्यटकांना राहण्यासाठी दिल्या जाणाऱ्या वास्तूची पर्यटन खात्याकडे नोंदणी आवश्यक आहे. पोलिसांच्या हाती फक्त त्या रात्रीचा पाहुणा लागतो; नोंदणी वहीत मात्र मालकाचे नाव असते. ज्या व्हिलाची नोंदणीच झालेली नाही, तिथे तक्रारदाराने पहिला अर्ज आवाजाबद्दल न करता नोंदणी नसल्याबद्दल पर्यटन खात्याकडे करणे अधिक परिणामकारक ठरू शकते. त्या अर्जासाठी मध्यरात्रीपर्यंत जागावे लागत नाही, आणि मापकही लागत नाही.